सतरापदरी तंग

एक जुनं मेक्सिकन खोगीर दुरुस्त करतोय, मागच्या नोंदीत फुस्तेपर्यंत आलो होतो. फुस्ते म्हणजे या खोगिराचा लाकडी सांगाडा. त्यावर ओलं कच्चं कातडं ताणून शिवतात. ते वाळताना आक्रसतं आणि लाकडाला आवळून धरतं. माझ्या खोगिराची डावी फळी भेगाळली होती, ती सांधली, उसवलेली शिवण पुन्हा घातली. पुढचं मोठं चपटं बोंड फक्त पुसून घेतलं. त्यावर रियाटाच्या, म्हणजे गुरं धरायच्या दोराच्या, घासण्याच्या खाचा आहेत आणि त्या मला तशाच हव्यात. स्पेनच्या सिया व्हाकेराला, म्हणजे तिथल्या गुराख्यांच्या खोगिराला, असं बोंड नसतंच. दोराचा एक वेढा खोगिरालाच घालून बैल रोखायची गरज मेक्सिकोत पडली, तिथून ते आलं.

कातड्याचं काम आता पुरे. यापुढे घोड्याचे केस.

खोगीर हाती आलं तेव्हा तंगाच्या, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याच्या, जागी दोन गंजक्या कड्या होत्या आणि एका कडीत काळ्या-पांढऱ्या दोरीचा बोटभर तुकडा अडकलेला. जुन्या खोगिरांचं असं फार होतं. नीट सांभाळलं तर चामडं शंभर वर्षं काढतं, पण केसांना कसर लागते, आणि पहिल्यांदा जातात ते तंग, गोंडे आणि दोर. मग कुणीतरी सुती पट्टा लावतं आणि खोगीर ‘पूर्ण’ म्हणून भिंतीवर चढतं. मला ते बघवत नाही. केसांचं काम म्हणजे वरची सजावट, असं आपणही पटकन म्हणून जातो. पण केसांच्या सुट्या पदरांतून वारा खेळतो, घाम साचून राहत नाही, आणि घोडा श्वास घेतो तसे ते किंचित ताणतात. नक्षी आली ती या कामातूनच. पदर एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून आडवे टाके घालावेच लागतात. ते काळे-पांढरे घातले की शंकरपाळ्याची वीण दिसू लागते.

तो बोटभर तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उणे 20 अंशांवर दोन आठवडे ठेवला, म्हणजे कसरीची अंडी राहिली असतील तर मरतील. मग भिंगाखाली उकलला. दोन पेडांची दोरी, आयाळीचे केस. शेपटीचा केस जाड आणि टोचरा, आयाळीचा मऊ. घोड्याच्या पोटाला लागणारी वस्तू आयाळीचीच हवी.

केस मिळाले इथल्याच, न्यू मेक्सिकोतल्या एका तबेल्यातून. वसंतात आयाळी कातरल्या, तेव्हा दोन पोती घरी आणली. स्पेनमध्ये अल्मोन्ते गावात दरवर्षी 26 जूनला दोन्यानाच्या दलदलीतल्या घोड्या हाकून आणतात, आयाळी आणि शेपट्या कातरतात आणि कळप परत सोडतात. कधीतरी ते बघायला जायचंच आहे.

आयाळ कोमट साबणपाण्यात धुतली, सावलीत वाळवली, रंग वेगळे केले आणि पिंजली. पिंजणं अगदी कापसासारखंच: गुठळी राहिली की दोरीत गाठ येते. मग ताराबिया. एका दांड्याभोवती गरगर फिरणारी ही लाकडी फळी एकाने फिरवायची आणि दुसऱ्याने केस पुरवत मागे मागे चालायचं. फळी बायकोच्या हातात होती, केस माझ्या. पहिली 4 मीटर दोरी मनासारखी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सगळी उलगडून पडलेली.

गावी काकांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी जन्मभर घायपाताचा वाख काढून दावी नि कासरे वळले आहेत. मी दोरी कॅमेऱ्यासमोर धरली आणि ते लगेच म्हणाले, “अरं, पेडाचा पीळ उजव्या अंगाला घातलास, मग दोराचा डाव्या अंगाला नको का? दोन्ही एकाच अंगाला पिळल्यावर उलगडंलच की.” सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण आधी तो पीळ उलटसुलट बसायला हवा. काकांना मी सांगितलं की घायपाताचं मूळ मेक्सिकोतच आहे, आणि घोड्याच्या केसांच्या लगामदोराला तिथे ‘मेकाते’ म्हणतात तो शब्दही आला नाहुआत्ल भाषेतल्या ‘मेकात्ल’वरून, म्हणजे दोर. काका म्हणाले, “मग ती आपल्यातलीच माणसं.”

उलट्या पिळाने सगळं पुन्हा वळलं. दोरी भिजवून, ताणून, वजन बांधून दोन दिवस टांगली. आता तंग विणायच्या फळीवर चढलाय: कडीपासून कडीपर्यंत 75 सेंटिमीटर, 17 पदर, म्हणजे नुसत्या पदरांनाच जवळपास 13 मीटर दोरी गेली. आडव्या तीन पट्ट्यांपैकी मधली विणून झाली. तिसऱ्या शंकरपाळ्यात एक पांढरा टाका चुकून पदराखालून गेलाय. तो उसवणार आहे.

यानंतर मोस्केरो घेणार. स्पॅनिश घोड्याच्या कपाळावर लोंबणारी ही झालर माशा हाकलण्यासाठी असते. घोडा चालताना ती डावी-उजवीकडे एका लयीत झुलली, तर त्याची चाल चांगली समजतात. तिला शेपटीचे सरळ, लांब केस लागतात. माझ्याकडे काळे भरपूर आहेत, पांढरे अपुरे. कुणाच्या तबेल्यात पांढरी घोडी असेल तर शेपटी विंचरताना गळणारे केस टाकू नका, रबर लावून जुडी बांधून ठेवा. टपालखर्च मी देईन.