वाक्यागणिक

लंडनमधल्या एका बरो कौन्सिलच्या विधी विभागात मी वकील आहे. इंग्लंडमध्ये २०११ च्या लोकलिझम अ‍ॅक्टप्रमाणे प्रत्येक कौन्सिलला आपल्या नगरसेवकांसाठी आचारसंहिता ठेवावी लागते. तिचा भंग झाल्याची तक्रार आली की मॉनिटरिंग ऑफिसरने ती तपासायची. आमच्याकडे त्यातलं कागद वाचण्याचं, माणसांशी बोलण्याचं आणि अहवालाचा मसुदा करण्याचं काम माझ्याकडे असतं. एरवी तक्रारी ठरावीकच असतात. कुणी ईमेलमध्ये उद्धट बोललेलं असतं, तर कुणी शेजारच्या बांधकाम परवान्यातला स्वतःचा हितसंबंध सांगितलेला नसतो. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या दोन तक्रारी मात्र अजूनही माझ्या मनातून गेलेल्या नाहीत.

दोन्ही एकाच सभेतल्या. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली आणि अडीचशेच्या आसपास माणसं ओलीस नेली. त्यानंतर गाझावर जे बॉम्ब पडू लागले त्यात जानेवारीअखेर तिथल्या आरोग्य खात्याच्या हिशेबाने २५,००० हून जास्त माणसं मेली होती. ब्रिटनभरच्या कौन्सिलांत युद्धबंदीचे ठराव येत होते, तसा आमच्याकडेही आला. प्रेक्षक सज्जा भरून गेला होता. एका बाजूला पॅलेस्टाईनचे स्कार्फ घातलेली मंडळी, दुसऱ्या बाजूला जवळच्या सिनेगॉगमधून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातून, आलेले दहाबारा जण, बहुतेक वयस्क.

पहिली तक्रार या सिनेगॉगच्या मंडळींची, ठराव मांडणाऱ्या नगरसेवकाविरुद्ध. दुसरी एका तरुणाची. त्याचे आजी-आजोबा हैफाचे, आता इस्रायलमध्ये असलेल्या शहरातले. नागरिक म्हणून तो सभेपुढे निवेदन करायला उभा राहिला, १९४८ च्या नकबाबद्दल, म्हणजे पॅलेस्टिनींना तेव्हा घरंदारं सोडावी लागली त्याबद्दल, बोलू लागला, तेव्हा विरोधी बाकावरचे एक नगरसेवक त्याला तोडत म्हणाले, "हा शब्द वापरणारा प्रत्येक माणूस ज्यूद्वेष्टा असतो, आणि तुम्हीही आहात." तरुणाची तक्रार जेमतेम दोन परिच्छेदांची होती. सिनेगॉगची पाच पानांची, आणि तिच्यात नगरसेवकाचं अख्खं भाषणच ज्यूद्वेषी असल्याचं म्हटलं होतं.

भाषण तीन मिनिटांचं. मी रेकॉर्डिंग ऐकून ते वाक्यागणिक उतरवून घेतलं, प्रत्येक वाक्यासमोर रिकामा रकाना ठेवला. महत्त्वाची वाक्यं अशी होती (त्यांतला झायोनवाद म्हणजे पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र असावं ही विचारसरणी): "१९४८ मध्ये सात लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. झायोनवाद ही वसाहतवादी विचारसरणी आहे असं मी मानतो. गाझात नरसंहार चालला आहे आणि आपल्या पेन्शन फंडातला एक पौंडही तिथे शस्त्रं पुरवणाऱ्यांकडे राहता कामा नये. मला तिथे एकच राज्य हवं, ज्यात ज्यू आणि अरब दोघांना सारखा मताधिकार असेल." इथवर तो कागदात बघून बोलत होता. मग त्याने मान वर केली आणि सज्जाकडे बोट केलं. "हा ठराव इतके महिने का रखडला ते वर बसलेल्यांना विचारा. या बरोतला पैसा कुणाच्या हातात आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. झायोनवाद्यांनी हे सभागृह विकत घेतलंय."

ज्या दिवसाबद्दल मी लिहिते आहे त्या दिवशी सकाळी तक्रारदारांपैकी एक बाई मला भेटायला आल्या. सत्तरीच्या पुढच्या, निवृत्त फार्मासिस्ट. वडील १९३९ मध्ये व्हिएन्नाहून किंडरट्रान्सपोर्टने, म्हणजे नाझींपासून वाचवण्यासाठी ज्यू मुलांना बाहेर काढणाऱ्या मोहिमेतून, एकटे इंग्लंडला आलेले. मागे राहिलेलं घर संपून गेलं. मी भाषणाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चष्मा बदलून तो सावकाश वाचला आणि पहिल्या भागावर तळहात ठेवला.

"हे मला पटत नाही. एका राज्याचं वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. पण यावर मी त्याच्याशी भांडेन. नेतान्याहू लंडनला आले तेव्हा त्यांच्या विरोधात मी रस्त्यावर उभी होते. इस्रायलच्या सरकारवर बोलायला मला कुणाची परवानगी लागत नाही, त्यालाही लागू नये."

मग बोट खालच्या तीन वाक्यांवर आलं. "हे मात्र मी घरी घेऊन गेले. मी कोण, माझं मत काय, त्याला काय ठाऊक? माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांच्या डोक्यावरची किप्पा, आमची ज्यूंची टोपी, तेवढी त्याला दिसत होती."

पाच पानांच्या तक्रारीत नव्हतं ते या बाईंनी दोन मिनिटांत सांगितलं. तक्रार लिहिणाऱ्यांना सगळंच भाषण सारखं लागलं होतं, आणि त्यांच्या जागी बसून पाहिलं तर ते समजण्यासारखंही होतं. ब्रिटनमधल्या ज्यूविरोधी घटनांची नोंद ठेवणाऱ्या कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्टने २०२३ साठी ४,००० हून जास्त घटना मोजल्या, आदल्या वर्षाच्या दुपटीहून अधिक. सिनेगॉगच्या दारात पहारा ठेवून प्रार्थना करणाऱ्या माणसाला कुठलं वाक्य राजकारणाचं आणि कुठलं आपल्यावरचं, हे सभागृहातल्या गोंगाटात निवडत बसायला सांगणं बरोबर नाही. ते निवडणं आमचं काम.

आमच्या कौन्सिलने आय.एच.आर.ए.ची, म्हणजे इंटरनॅशनल होलोकॉस्ट रिमेंबरन्स अलायन्स या आंतरराष्ट्रीय संघटनेची, ज्यूद्वेषाची व्याख्या स्वीकारलेली आहे. मे २०१६ ची ही व्याख्या, सोबत अकरा उदाहरणं. इस्रायलचं अस्तित्व हाच वंशवादी उद्योग आहे असं म्हणणं, हे त्यांतलं एक. तक्रारीचा सगळा भर त्यावर होता. पण त्याच मजकुरात लिहिलं आहे की एकूण संदर्भ पाहून ही उदाहरणं लागू होऊ शकतात, आणि दुसऱ्या कुठल्याही देशावर होते तशी टीका इस्रायलवर झाली तर ती ज्यूद्वेष म्हणता येणार नाही. लोक उदाहरणं वाचतात आणि ही वाक्यं गाळतात. मूळ मसुदा लिहिणाऱ्यांतले प्रमुख केनेथ स्टर्न यांनीच पुढे, विद्यापीठांत बोलणं दाबण्यासाठी तो वापरायला उघड विरोध केला. मार्च २०२१ मध्ये ज्यू इतिहास आणि होलोकॉस्टच्या अभ्यासकांनी जेरुसलेम जाहीरनामा काढला तोही याच घोळामुळे. एक राज्य की दोन, झायोनवाद मान्य की अमान्य, ही मतं आपोआप ज्यूद्वेष ठरत नाहीत, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. आणि जगातल्या ज्यूंना इस्रायलच्या वागण्याबद्दल जबाबदार धरणं हा ज्यूद्वेष आहे, हेही तितक्याच स्वच्छपणे. २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलच्या एका प्राध्यापकाच्या खटल्यात एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलने त्याच्या झायोनवादविरोधी विचारांना २०१० च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टखाली संरक्षण असल्याचं ठरवलं.

दुपारी नगरसेवक आले. कामगार संघटनेत आयुष्य गेलेला माणूस, वेस्ट बँकेत ऑलिव्हच्या तोडणीला जाऊन आलेला. फोनमध्ये तिथल्या एका कुटुंबाची छायाचित्रं होती. ती दाखवताना त्यांचा आवाज बसला. त्यांच्या दुःखात खोट नव्हती.

"मी झायोनवादी म्हणालो. ज्यू हा शब्द माझ्या तोंडून त्या तीन वाक्यांत आलेला नाही," ते म्हणाले.

मी विचारलं, "वर बसलेल्यांत झायोनवादी कोण आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

ते गप्प राहिले. मग म्हणाले, "ते सिनेगॉगमधून आले होते."

"म्हणजे?"

त्यांनी कागद पुन्हा जवळ ओढला. डाव्या चळवळीचा इतिहास त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत, म्हणून मी १९६८ च्या पोलंडची आठवण काढली. गोमुल्काच्या सरकारने त्या वर्षी मोहीम काढली ती 'झायोनवाद्यां'विरुद्ध. नोकऱ्या गेल्या त्या मात्र ज्यूंच्या, आणि पुढच्या दोनतीन वर्षांत तेरा हजारांच्या आसपास ज्यूंनी देश सोडला. त्याआधी १९५२ मध्ये प्रागमध्ये स्लान्स्की या कम्युनिस्ट नेत्यावर आणि इतरांवर खटला झाला. झायोनवादी कटाचा आरोप, चौदा आरोपींपैकी अकरा ज्यू. पैसा यांच्या हातात, सभागृह यांनी विकत घेतलेलं, पडद्यामागून सूत्रं हेच हलवतात, ही गोष्ट झायोनवादापेक्षा फार जुनी आहे. ती इस्रायलबद्दल नसते. पॅलेस्टाईनमधल्या एकाही माणसाला तिचा उपयोग नाही.

"मग काय, गप्प बसू मी?"

"नाही. वरची वाक्यं तुमची आहेत. त्यांना कुणी हात लावणार नाही. ही तीन बाजूला काढा आणि भाषण पुन्हा वाचा. काय कमी होतं?"

त्यांनी खरोखर वाचलं, ओठ हलवत. "काही नाही," म्हणाले, आणि बराच वेळ खिडकीकडे बघत बसले.

मला त्या क्षणी नरीमन हाऊस आठवलं होतं, ते मी बोलले नाही. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईत कुलाब्याच्या त्या घरात मारल्या गेलेल्यांत सात्मार या ज्यू पंथाच्या घराण्यातला एक जण होता. हा पंथ धर्माच्या आधारावर झायोनवाद नाकारतो. त्याच्या घरच्यांनी शवपेटीवर इस्रायलचा झेंडा घालू दिला नाही. बंदूक घेऊन आलेल्यांनी मत विचारलं नव्हतं.

दुसऱ्या नगरसेवकांशी फोनवर बोलणं झालं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: झायोनवादाला विरोध म्हणजे ज्यूंना विरोध, यात दोन भाग करायचेच नाहीत. मी त्यांना एडविन माँटेग्यूंबद्दल विचारलं. आपल्याकडे शाळेत माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा पाठ कराव्या लागतात. भारतमंत्री म्हणून तेच हे माँटेग्यू. १९१७ मध्ये बाल्फोर जाहीरनामा, म्हणजे पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारं ब्रिटिश सरकारचं पत्र, तयार होत असताना ब्रिटिश मंत्रिमंडळातले ते एकमेव ज्यू, आणि त्याला सर्वांत कडवा विरोध त्यांचाच. ऑगस्टमध्ये त्यांनी टिपण लिहिलं आणि आपल्याच सरकारच्या धोरणाला ज्यूद्वेषी म्हटलं. ज्यूंचं राष्ट्र पॅलेस्टाईनमध्ये ठरवलंत की उद्या प्रत्येक देशात ज्यूला परका म्हणतील, ही त्यांची भीती. आणि ज्या बाल्फोरच्या नावाने तो जाहीरनामा ओळखला जातो, ते पंतप्रधान असताना १९०५ मध्ये पूर्व युरोपातून येणाऱ्या ज्यूंना अडवणारा एलियन्स अ‍ॅक्ट झाला होता. त्याआधी एकाच वर्षी, १८९७ मध्ये, बाझलला पहिली झायोनवादी परिषद भरली आणि विल्नामध्ये ज्यू कामगारांचा बुंड हा पक्ष स्थापन झाला, ज्याचा झायोनवादाला कायम विरोध राहिला.

"तो शंभर वर्षांपूर्वीचा काळ," ते म्हणाले. "त्यानंतर होलोकॉस्ट झाला."

हे उत्तर वजनदार आहे. होलोकॉस्टनंतर बहुसंख्य ज्यूंसाठी इस्रायल हा आधार झाला, आणि तो आधार नाहीसा करण्याची भाषा त्यांना घरावर चाल आल्यासारखी वाटते. ते मी मान्य केलं. पण हैफातून परागंदा झालेल्या आजीची गोष्ट नातवाने सांगितली तर त्यात ज्यूद्वेष कुठून आला, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. आपल्या घराण्यावर गुदरलेलं सांगण्याची बंदी कुणावर घालता येते?

आम्हा मराठी माणसांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत या काळात इस्रायलचं कौतुक ओसंडून वाहत होतं, आणि त्यातलं बरंचसं ज्यूंच्या प्रेमातून आलेलं नव्हतं, मुसलमानांच्या रागातून आलेलं होतं. ते वाचून मला वाईट वाटायचं. मी पुण्याची, लाल देवळाच्या, म्हणजे तिथल्या सिनेगॉगच्या, आसपास वाढलेली. अलिबागकडच्या शनवार तेल्यांची, बेने इस्रायल या मराठी ज्यूंची गोष्ट आपल्याला परकी नाही. त्यांच्यातले हजारो इस्रायलला गेले, आणि तिथल्या मुख्य धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली तेव्हा १९६४ मध्ये कोकणातून गेलेल्या याच लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरून इस्रायलला जाब विचारला. धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. इस्रायलला जाब विचारणं म्हणजे काय, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

संध्याकाळी स्वतंत्र सल्लागाराची बैठक. कायद्याने निर्णयाआधी बाहेरच्या एका व्यक्तीचं मत घ्यावं लागतं. आमच्याकडे त्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. तीन वाक्यांवर आमचं लगेच एकमत झालं. 'नरसंहार' या शब्दावर अडलं. त्यांच्या मते होलोकॉस्टच्या वारसांसमोर तो उच्चारणं हेच क्रूर होतं. मी म्हटलं, क्रूर वाटेल, पण २६ जानेवारीला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेच्या दाव्यात याच आरोपावर अंतरिम आदेश दिले आहेत. जो प्रश्न त्या न्यायालयापुढे आहे तो एका नगरसेवकाने सभागृहात काढायचा नाही, असं आपण कसं म्हणणार? युरोपीय मानवी हक्क करारातलं दहावं कलम राजकीय भाषणाला जास्तीचं संरक्षण देतं; वेल्समधल्या नगरसेवकांच्या कॅल्व्हर आणि हीसम या दोन खटल्यांत उच्च न्यायालयाने ते नीट समजावलं आहे. बाईंनी बराच वाद घातला आणि शेवटी त्या वाक्यासमोर 'भंग नाही' लिहायला तयार झाल्या, स्वतःचं वेगळं मत जोडून. ते मी अहवालात पूर्ण छापलं.

अहवालात चार वाक्यांसमोर भंग नाही, तीन वाक्यांसमोर भंग. दुसऱ्या नगरसेवकांच्या वाक्यासमोर भंग. शिक्षा म्हणण्यासारखं आमच्या हातात फार नसतं. लोकलिझम अ‍ॅक्टखाली नगरसेवकाला निलंबित करता येत नाही. माफीची शिफारस करायची आणि निर्णय जाहीर करायचा. पहिल्या नगरसेवकांचा माफीचा मसुदा "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" असा आला. मी तो परत पाठवला. दुसऱ्यात त्यांनी लिहिलं, "मी सज्जातल्या माणसांना ते ज्यू दिसले म्हणून दोष दिला आणि ज्यूंच्या पैशाबद्दलचं जुनं खोटं पुन्हा बोललो. गाझाबद्दल मी जे बोललो त्यावर मी ठाम आहे." तो मी तसाच पुढे पाठवला. दुसऱ्या नगरसेवकांनी माफी मागितली नाही. तसा निर्णय प्रसिद्ध झाला. त्या तरुणाला पुढच्या सभेत निवेदनाची वेळ पुन्हा दिली गेली आणि या वेळी कुणी तोडलं नाही.

उन्हाळ्यात पेन्शन फंडाचा विषय सभेत आला. पहिल्या नगरसेवकांनी शस्त्रकंपन्यांची नावं वाचली, इस्रायलच्या मंत्र्यांची विधानं वाचली, आधीपेक्षा कठोर भाषण केलं, आणि सज्जाकडे एकदाही बोट केलं नाही. त्या निवृत्त फार्मासिस्ट बाईंनी ठरावाच्या विरोधात बोलण्यासाठी आधीच नाव नोंदवलं होतं. त्या जिना उतरून खाली आल्या, माइक स्वतःच्या उंचीला आणला आणि त्यांच्या एकेका मुद्द्याला उत्तर द्यायला लागल्या.