हुकूम कुणी दिला नाही, तरी पंप चालू

काम साधं होतं. जमिनीवरच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप, वरच्या टाकीत फ्लोट स्विच आणि दोघांच्या मध्ये नोड-रेड, म्हणजे छोटे ठोकळे (नोड) एकमेकांना जोडून नियमांची साखळी (फ्लो) बांधायचं सॉफ्टवेअर. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका रात्री तीन वाजून दोन मिनिटांनी, वरची टाकी काठोकाठ भरलेली असताना पंप चालू झाला आणि सकाळपर्यंत पाणी वाहत राहिलं. पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळेला पुन्हा तेच.

जोडणी अशी होती. फ्लोट स्विचच्या दोन तारा दाराला लावतात तशा बॅटरीवरच्या झिगबी (बिनतारी) सेन्सरमध्ये, आतल्या रीड स्विचच्या, म्हणजे चुंबकाने जुळणाऱ्या स्विचच्या, जागी डाखलेल्या. टाकी भरली की सर्किट जुळतं आणि 'कॉन्टॅक्ट'ची किंमत ट्रू होते, पाणी उतरलं की फॉल्स. हे झिगबी२एमक्यूटीटी या दुव्यामार्फत एमक्यूटीटी मेसेज बनून मॉस्किटो ब्रोकरवर येतं. ब्रोकर म्हणजे प्रत्येक विषयाचे (टॉपिकचे) मेसेज ते मागणाऱ्यांना वाटणारा टपालवाला. पंपाच्या बाजूला टास्मोटा हे फर्मवेअर घातलेला वायफाय रिले, म्हणजे हुकमावर चालू-बंद होणारा स्विच. तो मोटर थेट चालवत नाही, फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरचा भार पेलणाऱ्या मोठ्या रिलेची) कॉइल ओढतो. मोटर सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट करंट ओढते, छोट्या रिलेचे पॉइंट त्यात चिकटतात, म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर हवाच. ब्रोकर आणि नोड-रेड रास्पबेरी पाय या एकाच छोट्या कॉम्प्युटरवर.

फ्लो सहा नोडचा: मेसेज घेणारा एमक्यूटीटी-इन, बदल झाला तरच पुढे सोडणारा फिल्टर, स्विच, पेलोडमध्ये (मेसेजच्या मजकुरात) ऑन किंवा ऑफ भरणारे दोन चेंज नोड आणि शेवटी पंपाच्या कमांड टॉपिकवर लिहिणारा एमक्यूटीटी-आउट.

पहिला संशय कॉन्टॅक्टरवर गेला. पण चिकटलेला कॉन्टॅक्टर रिलेने सोडवता येत नाही, आणि इथे तर रिलेचं वेबपान स्वतःच ऑन दाखवत होतं आणि बटण दाबल्यावर पंप निमूट बंद होत होता. म्हणजे हुकूम रिलेला मिळत होता. मग रिलेची बटण रिटेन आणि स्विच रिटेन ही सेटिंगं पाहिली. रिटेन म्हणजे मेसेज ब्रोकरवर साठवून ठेवणं. दोन्ही शून्यावर. रिलेतले टायमरही बंद.

नोड-रेडची डीबग खिडकी अशा वेळी पुरत नाही. ती फक्त एडिटर उघडा असताना आलेलं दाखवते, पान पुन्हा लोड केलं की मागचं गेलं. म्हणून # (म्हणजे सगळे टॉपिक) या टॉपिकवर एक एमक्यूटीटी-इन लावला, प्रत्येक मेसेजला वेळेचा शिक्का मारला आणि फाइल नोडने सगळं एका फाइलमध्ये उतरवायला लागलो. तिसऱ्या आठवड्यात ती वेळ पकडली गेली. नोंदीचा क्रम असा: रिले ऑफलाइन, रिले ऑनलाइन, आणि लगेच रिलेकडून कळवलेली अवस्था, ऑन. या तिन्हींच्या लगेच आधी किंवा मध्ये 'ऑन' असा हुकूम कुणी दिल्याची एकही ओळ नव्हती.

ऑफलाइन-ऑनलाइनचं कारण लगेच सापडलं. राउटर आठवड्यातून एकदा पहाटे तीनला आपोआप रीस्टार्ट होईल असं लावलेलं होतं. रिलेचं वायफाय तुटतं, परत जुळतं, आणि रिले ब्रोकरकडे आपल्या कमांड टॉपिकचं सबस्क्रिप्शन (मेसेज मिळत राहण्याची नोंदणी) नव्याने मागतो. नव्याने मागणाऱ्याला ब्रोकर काय देतो? त्या टॉपिकवर रिटेन करून ठेवलेला मेसेज. आणि तो फक्त त्यालाच देतो. आधीपासून ऐकत बसलेल्यांना पुन्हा देत नाही. नोड-रेड ब्रोकरशी रास्पबेरी पायच्या आतल्या आतच जोडलेलं असल्यामुळे त्याचं कनेक्शन तुटलंच नव्हतं, म्हणून माझ्या नोंदीत तो हुकूम उमटला नाही.

खात्री करायला कमांड टॉपिकवर दुसरा एमक्यूटीटी-इन टाकला, डीबगमध्ये पूर्ण मेसेज ऑब्जेक्ट दाखवायला सांगितलं आणि डिप्लॉय केलं, म्हणजे बदल लागू केले. क्षणात ओळ आली: पेलोड ऑन, रिटेन ट्रू. ब्रोकरवर पर्सिस्टन्स (मेसेज डिस्कवर जपणं) चालू असल्यामुळे तो मेसेज ब्रोकर रीस्टार्ट करूनही पुसला गेला नसता.

आता खरा प्रश्न. फ्लोमध्ये कुठेही रिटेन लावलेलं नव्हतं, मग हा मेसेज रिटेन झाला कसा?

एमक्यूटीटी-आउट नोडमधलं रिटेनचं खानं रिकामं होतं. रिकामं म्हणजे 'नाही' नव्हे. रिकामं असेल तर नोड आलेल्या मेसेजमधली रिटेन ही प्रॉपर्टी वाचतो. आणि एमक्यूटीटी-इन ती प्रॉपर्टी प्रत्येक मेसेजवर लावूनच पाठवतो. झिगबी सेन्सरची अवस्था रिटेन ठेवलेली होती, आणि ते योग्यच होतं, नाहीतर नोड-रेड सुरू झाल्यावर टाकी भरली की रिकामी हे कळायला सेन्सर पुढे कधी बोलेल त्याची वाट पाहावी लागते. रोजच्या व्यवहारात सेन्सरचा ताजा मेसेज येतो तेव्हा आधीपासून जोडलेल्या सबस्क्राइबरला रिटेन फॉल्स दिसतं, म्हणून हुकूमही साधाच जातो. पण पहिल्या घटनेच्या काही दिवस आधी अपडेटसाठी नोड-रेड बंद-चालू केलं होतं आणि त्या वेळी टाकी रिकामी होती. सुरू होताच साठवलेली अवस्था रिटेन ट्रू घेऊन आली. फिल्टर नुकताच जागा झालेला, त्याने पहिला मेसेज सोडला. चेंज नोडने फक्त पेलोड बदललं, बाकीच्या प्रॉपर्टी तशाच पुढे गेल्या. एमक्यूटीटी-आउटने ऑन हा हुकूम रिटेन करून ब्रोकरवर ठेवला. टाकी भरल्यावर गेलेला ऑफ साधा होता, आणि साधा मेसेज रिटेन केलेल्याला पुसत नाही. जुना ऑन तिथेच राहिला, राउटरच्या प्रत्येक रीस्टार्टची वाट बघत.

पुसायची रीत: इंजेक्ट नोडमध्ये पेलोड रिकामी स्ट्रिंग, एमक्यूटीटी-आउटमध्ये तोच टॉपिक आणि रिटेन ट्रू, एकदा दाबायचं. पेलोड अजिबातच नसेल तर एमक्यूटीटी-आउट काही पाठवतच नाही, म्हणून रिकामी का होईना, स्ट्रिंगच हवी. रिलेला हा रिकामा हुकूम पोचतो तेव्हा तो फक्त आपली अवस्था कळवतो, पंप हलत नाही.

मग फ्लो सुधारला. एमक्यूटीटी-आउटमध्ये रिटेन स्पष्टपणे फॉल्स, क्यूओएस १ (निदान एकदा पोचण्याची हमी). त्याच्या आधीच्या चेंज नोडमध्ये रिटेन प्रॉपर्टी डिलीट करणारा एक नियम. एवढ्यावरही भागत होतं, पण रिले तुटून परत आला की त्याला खरी अवस्था सांगणारं कुणीतरी हवं. म्हणून रिलेच्या ऑनलाइन मेसेजवर दुसरा एमक्यूटीटी-इन, पुढे २ सेकंदांचा डिले, म्हणजे रिलेचं सबस्क्रिप्शन पुरं होतं, आणि मग फ्लो कॉन्टेक्स्टमध्ये (फ्लोच्या आठवणीत) ठेवलेल्या टाकीच्या अवस्थेवरून ऑन किंवा ऑफ. लक्षात ठेवायचं, हा ऑनलाइन मेसेजही टास्मोटा रिटेन करूनच ठेवतो. डिलीटचा नियम या वाटेवर नसता तर तोच घोटाळा नव्या दाराने आत आला असता.

शेवटचा बंदोबस्त रिलेच्या आत केला, कारण ब्रोकर, रास्पबेरी पाय, वायफाय यांतलं काहीही पडलं तरी पंप थांबलाच पाहिजे. रिकामी टाकी भरायला मोजून १४ मिनिटं लागत होती. टास्मोटात पल्सटाइम १३०० ठेवलं. ११२ पासून पुढच्या आकड्यातून १०० वजा केले की उरतात ते सेकंद, म्हणजे हे १२०० सेकंद, २० मिनिटं. वीज जाऊन आली तर पंप बंदच राहावा म्हणून पॉवरऑनस्टेट शून्य.

तपासणी टाकी भरलेली असताना केली. रिले तीनदा रीस्टार्ट, राउटर दोनदा, नोड-रेड एकदा. मग फ्लोट हाताने खाली धरून, म्हणजे टाकी रिकामी असल्याचं भासवून, नोड-रेड पुन्हा रीस्टार्ट. पंप लगेच चालू झाला, जसा व्हायला हवा. फ्लोट सोडला, पंप बंद. त्यानंतर राउटर काढून लावला. नोंदवहीत रिले ऑफलाइन, ऑनलाइन, दोन सेकंदांनी ऑफचा हुकूम, आणि रिलेचं उत्तर: ऑफ.