वाकळेच्या पोटात

परवा रात्री साडेदहाच्या सुमारास सुई मोडली. कट्ट असा बारीक आवाज आला आणि हातात निम्मीच सुई राहिली. उरलेली निम्मी वाकळेच्या आत. ही वाकळ माझ्या धाकट्या लेकीच्या अंगावर जाणार आहे, त्यामुळे तुकडा सापडेपर्यंत झोपायचा प्रश्नच नव्हता. फ्रिजवरचं लोहचुंबक काढून आणलं, मोबाईलची बॅटरी लावली आणि पाऊण तास बोटाबोटानं कापड चाचपत बसले. तुकडा निघाला एका जुन्या कुर्त्याच्या बगलेत. कुर्ता उसवताना तिथली दुहेरी शिवण कापायची राहून गेली होती. आधीच पाच थर, त्यात ती जाड शिवण. सुई जाणार कशी?

आत्या कॉटवर पडून सगळं बघत होत्या. (आमच्याकडे सासूबाईंना आत्याच म्हणतात.) म्हणाल्या, "शिवण काढल्याबिगर काय बी पोटात घालू ने. कितींदा सांगितलंय तुला."

वाकळेच्या आतल्या थरांना आमच्या घरात पोट म्हणतात. पुण्याकडच्या मैत्रिणी गोधडी म्हणतात, आम्ही सांगलीची माणसं वाकळ म्हणतो, आणि तासाभरावर कर्नाटक लागलं की तिचीच कौदी होते. रजईत कापूस असतो, वाकळेत तो औषधालासुद्धा नसतो. कापडावर कापड, त्यावर कापड, आणि सगळ्यांना धरून ठेवणारा साधा धावदोरा. वरची ठिगळं लोकांना दिसतात, फोटोत तीच येतात. पण ऊब, वजन, मऊपणा, धुतल्यावर ती कशी वागेल, हे सगळं पोटात काय घातलंय त्यावर ठरतं. दहा वर्षं वाकळा शिवतेय, आणि माझं निम्मं डोकं त्या पोटातच गुंतलेलं असतं.

पूर्वी हा विचार करावाच लागत नव्हता, कारण घरात लुगडी होती. मी पतसंस्थेत कॅशियर आहे, आकडे समोर आले की हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. नऊवारी म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट. त्याच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांबीचे चार थर तयार. रुंदी साधारण पंचेचाळीस इंच. म्हणजे एका माणसाच्या वाकळेचं अख्खं पोट एका लुगड्यात बसतं, एकही जोड न देता! आमच्या आज्यांनी हे गणित कागदावर मांडलं नसेल, पण कापड अंथरून घडी घालताना त्यांच्या हातांना ते नक्की ठाऊक होतं.

माझ्या पहिल्या वाकळेला हे ठाऊक नव्हतं. तेव्हा हौसेनं बाजारातून नवं कोरं सुती कापड आणलं, लाल आणि पांढरं, वरून छान चौकोन जोडले, पोटात जुनी चादर घातली. पहिल्याच धुण्यात वरचं नवं कापड आटलं, आतली जुनी चादर होती तेवढीच राहिली, आणि सगळी वाकळ पापडासारखी वर आली. शिवाय लाल रंग फुटला तो पांढऱ्यात उतरला. दोन महिन्यांची रात्रपाळी होती ती. मी मोरीत बसून रडले होते. आत्यांनी ती पिळून दोरीवर टाकली आणि एवढंच म्हणाल्या, "नवं कापड आधी भिजवावं लागतंय." तेव्हापासून नवं काही आणलं तर रात्रभर मिठाच्या पाण्यात, मग दोन वेळा साध्या पाण्यात, मग उन्हात. त्याशिवाय कात्री लावत नाही.

आत्यांच्या ट्रंकेत अकरा लुगडी होती. बहुतेक इरकली, त्यांच्या आईची दोन, बाकी स्वतःची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना जेवलास का विचारायच्या आधी आयर्विन पुलाला किती फूट पाणी आहे ते विचारतात. त्या वर्षी आम्ही आत्यांना, कागदपत्रांना आणि गॅसच्या शेगडीला घेऊन चुलतदिरांच्या गच्चीवर गेलो. ट्रंक राहिली. आठ दिवसांनी परत आलो तेव्हा तिला आतून चिखलाचा थर होता. लुगडी धुतली, पण वरची सात कुजलीच होती, हातात धरून पिळलं की काठाशेजारून टर्रकन फाटत. एकेक करून टाकून दिली. चार वाचली. त्यातल्या तिघांच्या वाकळा झाल्या: एक थोरल्याची, एक नणंदेची, एक आत्यांच्या स्वतःच्या अंगावर आहे. उरलं एक.

अशी लुगडी आता आणायची कुठून? गल्लीतल्या बायका मला हौसेनं जुन्या साड्या आणून देतात, पिशव्याच्या पिशव्या. दहातल्या आठ पॉलिस्टरच्या. ती साडी पोटात घातली की थर एकमेकांवरून घसरतात, टाका सरळ येत नाही, घाम शोषला जात नाही आणि थंडीत अंगाला गार लागते. कुणाचं मन मोडवत नाही, पण दिलेली प्रत्येक साडी मी तपासून घेते. कडेचा एक धागा ओढायचा, चिमट्यात धरून गॅसवर न्यायचा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मागे मऊ राख उरते, बोटात चोळली की उडून जाते. पॉलिस्टर जळण्याऐवजी आधी आक्रसतं, वितळतं आणि टोकाला काळा टणक मणी तयार होतो. तो गार झाल्यावर नखानंसुद्धा फुटत नाही. मणी आला की साडी पिशवीत परत. अशा साड्यांच्या मी बाजारहाटाच्या पिशव्या शिवते, त्या कामाला पॉलिस्टर झकास.

मग सूत शोधत गेले आणि सापडलं ते आमच्या सगळ्यांच्या अंगावरच. गाऊन! आपल्या बायकांचे घरात घालायचे सुती गाऊन. चार-पाच वर्षं रोज धुऊन ते इतके मऊ झालेले असतात की लुगड्याच्या जवळ जाणारं असं दुसरं कापड मला तरी माहीत नाही. फुलांची छपाई विटून गेलेली, गळा फाटलेला, फरशी पुसायला काढलेला. बाह्या आणि योक बाजूला काढला, शिवणी कापल्या की पुढचा-मागचा मिळून मोठा सलग तुकडा हाती येतो. माझ्या बहिणी, जावा, पतसंस्थेतल्या दोघी मैत्रिणी, सगळ्यांना मी सांगून ठेवलंय की गाऊन टाकायचा नाही, मला द्यायचा. पहिल्यांदा लाजल्या. आता स्वच्छ धुऊन, इस्त्री करून आणून देतात. सासऱ्यांची दोन धोतरं, जुने पंचे, उशांचे अभ्रे, सुती पडदे, हेही चालतं. जीन्स मात्र कुणी देऊ नका, तिच्यातून हाताची सुई ओढताना मनगट भरून येतं.

धाकटी यंदा बंगळुरूला गेली, पहिल्या नोकरीसाठी, आणि चार मुलींच्या खोलीत राहते. जुलैमध्ये फोनवर म्हणाली, "आई, इथं जाड ब्लँकेटमध्ये उकडतं आणि चादरीत गारठा वाजतो. वाकळ पाठव ना." मी गाऊन मोजायला घेतले. आत्यांनी ऐकलं, उठून कपाटापाशी गेल्या आणि उरलेलं लुगडं काढून माझ्यापुढं ठेवलं. हिरवं, लाल काठाचं. एका बाजूला पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ अजून आहे, घडीवर घडी होती तशी पाच ठिकाणी उमटलेली.

मी म्हटलं, "आत्या, हे एक तरी राहू दे."

"ठिवून काय करतीस? परत पानी आलं म्हंजे?" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "पोरीच्या अंगावर ऱ्हाईल."

काठ उसवून वेगळा केला, तो कडेनं गोट म्हणून लावणार आहे. बाकीच्याच्या चार घड्या घालून पोट झालं. मधे दोन ठिकाणी लुगडं विरलं होतं, तिथं त्या कुर्त्याचे तुकडे आतून लावले, आणि त्यातल्याच एकात परवाची सुई मोडली. वर पाचवा थर: माझ्या दोन गाऊनची, धाकटीच्या शाळेच्या निळ्या-पांढऱ्या चौकटीच्या पिनोफोरची आणि तिच्या बाबांच्या जुन्या शर्टांची ठिगळं.

हॉलमधली टीपॉय, खुर्च्या बाहेर काढून फरशी पुसली, कापडं अंथरली, हातानं आतून बाहेर सुरकुत्या काढल्या. चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्त्याचा खल आणि दोन विटा. आधी वीतभर लांबीचे कच्चे टाके, मग खरी सुरुवात कडेपासून. पहिला फेरा वाकळेच्या चारी बाजूंनी, एकवीस फुटांचा. दुसरा त्याच्या आत एका इंचावर. असे एकात एक फेरे मधाकडे जातात आणि प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा आठ इंचांनी लहान होत जातो. एकूण बावीस फेरे, इंचाला चार टाके, म्हणजे साडेचौदा हजारांच्या आसपास. रोज जेवणानंतर दीड तास धरला तर महिनाभर. सुरुवातीचे फेरे संपता संपत नाहीत, एका रात्रीत एकही पुरा होत नाही. पंधराव्या फेऱ्यानंतर मात्र वाकळ आपल्याला ओढायला लागते, आत्ता उठते, आत्ता उठते म्हणत बारा वाजतात. दोरा जाड सुती, मेणावरून ओढून घेतलेला. हातभरापेक्षा लांब घेतला की गुंता ठरलेला.

कोपऱ्यांना मी गेल्या तीन वाकळांपासून एक गोष्ट करते. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी लोक राहतात, त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आले. त्यांच्या बायका कौदी शिवतात तीही कडेपासून आत, आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे त्रिकोण बसवतात. त्याला त्या फुला म्हणतात. ते नसतील तर कौदी त्यांच्या लेखी अपुरी. मला ते दिसायला तर आवडलंच, पण वाकळ आधी कोपऱ्यांनाच विरते, कारण धरून झटकतो ती तिथंच. त्रिकोणानं कोपऱ्याला जाडी येते. आत्यांना दाखवलं. बोटानं दाबून बघितलं आणि "ब्येस" म्हणाल्या.

दसरा जवळ आला. घरोघर दसरा काढायला सुरुवात होईल: डबे, भांडी, माळे, आणि घरातल्या झाडून सगळ्या वाकळा धुवायच्या. पूर्वी आमची गल्ली घटस्थापनेच्या आधी टेम्पो करून नदीवर जायची. कोरडी वाकळ एकटी बाई उचलते, पण ओली झाली की चौघींना जड होते. दोघी इकडून, दोघी तिकडून, उलट्या दिशेनं पीळ घालायचा, आणि पाणी धबाधबा पायांवर पडतं. सगळ्या घाटावर, झुडपांवर रंगीबेरंगी वाकळा पसरलेल्या. कुणाच्या घरात यंदा नवी वाकळ झाली, कुणाचा टाका सुबक, हे तिथंच कळायचं. आता बऱ्याच जणी गच्चीवर धुतात. मी आणि शेजारच्या दोघी मात्र यंदाही नदीवर जाणार आहोत, पाणी कमी झालं की. धाकटीची वाकळ त्यात घालायची आहे. पहिल्या धुण्यात दोरा जरा आवळतो, टाक्याटाक्यात कापड फुगतं, आणि मगच ती अंगाला बिलगते. तशी झाल्याशिवाय तिला देणार नाही.

अजून सहा फेरे राहिलेत. शेवटी मधोमध एक चौकोनी ठिगळ बसेल. ते बसवायच्या आधी माझी आजी खाली चार तांदूळ ठेवायची, वाकळेचं पोट रिकामं असू नये म्हणून. मीही ठेवते. ठिगळ कोणतं लावायचं ते मी आत्यांवर सोडलंय. काल दुपारी चिंध्यांचं गाठोडं सोडून बसल्या होत्या, तीन तुकडे बाजूला काढले, चष्मा लावून उजेडात धरले आणि परत गाठोड्यात टाकले. उद्या रविवार आहे, उद्या ठरवू म्हणाल्या.