तुम्ही विचारलंत म्हणून: कामं येतात कुठून?

धंद्यात नवीन उतरलेली पोरं आणि आमच्या नात्यातले दोनचार जण मला फिरून फिरून एकच विचारतात, की तुमची वेबसाइट नाही, मार्केटिंगला माणूस नाही, भोसरीत गाळा शोधत आलं तर बोर्डसुद्धा धड दिसत नाही, मग तुम्हाला कामं देतं कोण? आणि त्यातही हे मोल्ड तपासायला पार तमिळनाडूत होसूर, गुजरातेत साणंदपर्यंत जायचं काम कसं काय चालून आलं? तोंडी सांगायला घेतलं की मध्येच कुणाचा तरी फोन येतो आणि उत्तर अर्धं राहतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

माझं मूळ काम मोल्ड रिपेअरिंग. मिक्सरचं झाकण, स्विचची बॉडी, गाडीतला कप होल्डर, असलं सगळं प्लास्टिक ज्या स्टीलच्या साच्यातून निघतं तो मोल्ड. आयटीआय केलं, टूल अँड डाय मेकर ट्रेड, मग एका टूलरूममध्ये बेंचवर फिटर, मग स्वतःचा गाळा. गाळ्यात एक मिलिंग, एक सरफेस ग्राइंडर, स्पार्क म्हणजे ठिणगीने स्टील कोरणारं मशिन नंतर घेतलं, वायरकट म्हणजे तारेने कापायचं काम अजून बाहेरूनच करून आणतो. सुरुवातीला मीपण व्हिजिटिंग कार्डं वाटली, दिवाळीला कॅलेंडरं दिली. त्यातून काम आलेलं मला तरी आठवत नाही, कॅलेंडरं मात्र दरवर्षी हक्काने मागायला यायचे.

काम आलं ते वेगळ्याच बाजूने. चाकणच्या एका मोल्डरचा, म्हणजे मोल्डमधून पार्ट काढून देणाऱ्याचा, फोन आला, पार्टला फ्लॅश येतोय, पार्टिंग लाइन मारून द्या. फ्लॅश म्हणजे पार्टच्या कडेला पातळ पापडी सुटते ती, आणि पार्टिंग लाइन म्हणजे मोल्डचे दोन हाफ जिथे जुळतात ती कड. आता यात सोपं काय, तर मोल्ड गाळ्यावर आणायचा, फेस ग्राइंडिंगला लावायचा, चार दिवस ठेवायचा आणि बिल लावायचं, कोणी काही विचारत नाही. पण मी तिथे जाऊन बघितलं तर मोल्डच्या कडा शाबूत. ब्ल्यू म्हणजे तपासायचा निळा रंग लावून दोन्ही हाफ एकमेकांवर बसवले, सगळीकडे सारखा डाग उठला. म्हणजे मोल्ड नीट बंद होतोय, मग माल बाहेर सांडतोय कसा? म्हटलं हाच मोल्ड तुमच्या दुसऱ्या मशिनवर चढवून बघू. झालं, सगळे वैतागले, कारण मशिन थांबवायचं म्हणजे प्रॉडक्शनवाल्यांची बोंब. शेवटी सेकंड शिफ्टला चढवला आणि पार्ट एकदम स्वच्छ. पहिल्या मशिनच्या प्लेटन, म्हणजे मोल्ड धरणाऱ्या जाड प्लेटा, समांतर राहिल्या नव्हत्या, एका कोपऱ्यात दाबच पोचत नव्हता. फेस मारला असता तर चांगली कड गेली असती आणि फ्लॅश जिथल्या तिथे राहिला असता. मी व्हिजिटचे पैसे घेतले आणि निघालो.

आता तुम्हाला वाटेल मालक खूश झाला असेल. कसला खूश, त्याच्या मागे मशिनचा मोठा खर्च लागला ना! त्याने पुढे बरेच दिवस मला फोनसुद्धा केला नाही. पण त्या रात्री तिथे क्वालिटीची एक ट्रेनी मुलगी उभी होती, हातात व्हर्निअर आणि पॅड, आणि ती मला सारखी विचारत होती की ब्ल्यू कशाला लावला, डाग कसा वाचायचा. मी सांगत गेलो, मलाही बरं वाटत होतं कोणीतरी विचारतंय म्हणून. नंतर मी विसरूनही गेलो. काही वर्षांनी अनोळखी नंबरवरून फोन, "सर, तुम्ही ते ब्ल्यूवाले ना?" ती आता दुसऱ्या, मोठ्या कंपनीत टूलिंग, म्हणजे कंपनीचे मोल्ड, बघत होती.

तिचं काम रिपेअरिंगचं नव्हतंच, आणि इथेच गंमत आहे. मोल्ड बहुतेक वेळा कस्टमर कंपनीच्या मालकीचा असतो, पण पडून असतो व्हेंडरकडे, तोच त्यातून पार्ट काढून देतो. कंपनीने व्हेंडर बदलायचं ठरवलं की मोल्ड एका शेडमधून उचलून दुसऱ्या शेडमध्ये न्यायचा, याला टूल ट्रान्सफर म्हणतात, आणि यात भांडण ठरलेलं. जुना म्हणतो आमच्याकडून निघाला तेव्हा चांगला चालत होता, नवीन म्हणतो आला तेव्हाच मोडका होता, कंपनी मध्ये लटकलेली, आणि तिकडे लाइनला पार्ट नाहीत. म्हणून मोल्ड गाडीत चढायच्या आधी तिसऱ्याच माणसाने तो उघडून बघायचा, पार्टला आकार देणाऱ्या कॅव्हिटी-कोअरची झीज किती, पार्ट बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिना अडकतात का, कूलिंगच्या लाइनला प्रेशर लावून लीक आहे का बघायचं, भोकांत क्षार साचून पाणी अडलंय का, हॉट रनर, म्हणजे प्लास्टिक गरम ठेवून आत नेणारी वाट, असेल तर एकेक हीटरचा रेझिस्टन्स मोजायचा, शेवटचा शॉट, म्हणजे शेवटी काढलेला पार्ट, बांधून मोल्डबरोबर ठेवायचा, फोटो काढायचे आणि दोघांच्या सह्या घ्यायच्या. त्या टूलिंगवाल्या बाईंना असा तिसरा माणूस पाहिजे होता.

कंपनीच्या शब्दावर मी गेलो असं नाही हां. जुना व्हेंडर जाम चिडलेला होता, काम हातचं चाललेलं, वर थकलेलं बिल मिळाल्याशिवाय मोल्ड गेटबाहेर सोडणार नाही म्हणून अडून बसलेला. तपासायला पाठवतो म्हणून कंपनीने सांगितलेली बाकीची नावं त्याने उडवून लावली, तुमचीच माणसं ती, काय लिहायचं ते लिहितील. माझं नाव निघाल्यावर म्हणे, "तो येत असेल तर येऊ दे." मला हे नंतर कळलं आणि आश्चर्य वाटलं, कारण त्याचं मी फार तर एखाददुसरं काम केलेलं. भेटल्यावर मीच विचारलं. तर साहेबांच्या लक्षात काय राहिलेलं, मी मोल्ड परत देताना बदललेल्या जुन्या पिना, स्प्रिंगा, बुश सगळं पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून पाठवलेलं. त्याच्या मते असं कोणी देत नाही, आणि त्यामुळे नवीन पार्ट खरंच टाकला की नुसता बिलात टाकला ते कधी कळत नाही. मला ती सवय आमच्या टूलरूमच्या उस्तादांनी लावलेली, त्यात माझा काही थोरपणा नाही.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्याचं "येऊ दे". बाईंनी नाव सुचवलं ते समजू शकतो, त्यांना काम करून घ्यायचं होतं. पण ज्याचं नुकसान होतंय, ज्याला माझ्याकडून एक रुपयाचा फायदा नाही, त्याने दार उघडलं म्हणून माझं हे दुसरं काम सुरू झालं. पहिल्या रिपोर्टवर दोन्हीकडच्या सह्या झाल्या, मग त्या नवीन व्हेंडरने आणखी एका कंपनीला सांगितलं, आणि आता महिन्यातले बरेच दिवस मी दुसऱ्याच्या शेडमध्ये टॉर्च घेऊन वाकलेला असतो. स्टीलला हत्यार न लावता रिपेअरिंगपेक्षा जास्त पैसे मिळतात, हे अजून आमच्या वडिलांना पटत नाही.

वडील म्हणजे पलूसकडचे, किर्लोस्करवाडी आमच्या उशाशी. त्यामुळे लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, बेळगावात नगरपालिकेने जागा खाली करायला लावली तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा दिली, वर १०,००० रुपयांचं कर्ज दिलं, आणि १९१० साली तिथल्या माळावर कारखाना उभा राहिला. गावाकडे ही गोष्ट राजाच्या उदारपणाची म्हणून सांगतात. मी धंद्यात पडल्यावर मला त्यातली दुसरी बाजू दिसायला लागली, ती म्हणजे लक्ष्मणरावांना राजेसाहेब आधीपासून ओळखत होते, १८८८ साली सायकलच्या दुकानापासून सुरू करून माणूस काय काय खटपट करतो ते माहीत होतं, नाहीतर ज्यांचे पहिले ४० लोखंडी नांगर खपायला २ वर्षं लागली त्यांना कोण कर्ज देईल हो?

पण हे सगळं ऐकून "चांगलं काम करा, नाव आपोआप होतं" असं कोणी स्टेटसला टाकणार असेल तर थांबा. मी ज्या टूलरूममध्ये शिकलो तिथे एक फिटर होते, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला हात, नुसतं बोट फिरवून पार्टिंग लाइनची उंची सांगायचे. आख्खी नोकरी त्या एका शेडमध्ये गेली. बिलावर नाव मालकाचं, कस्टमर आला की केबिनमध्ये बसणार मॅनेजर, त्यांना बाहेर कोणी ओळखतच नाही. रिटायर झाल्यावर त्यांना एक फोन आला नाही. काम कोणाच्या डोळ्यांसमोर होतं याला फार किंमत आहे, आणि ते दरवेळी आपल्या हातात नसतं. आमच्या पट्ट्यात परचेस, क्वालिटी, टूलिंगची माणसं सारखी नोकऱ्या बदलतात, चाकणवरून रांजणगावला, तिथून साणंदला, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या मोबाइलमधले नंबर जातात. मला हे वारं मिळालं. म्हणून मी पोरांना सांगतो की मालकाच्या केबिनमध्ये अर्धा तास घालवण्यापेक्षा शॉप फ्लोअरवर, स्टोअरमध्ये, गेटवर नीट बोला, ट्रेनीने विचारलं तर चिडू नका.

आणि नाव झालं म्हणून दर वाढत नाही हेही सांगून ठेवतो. फोन जास्त येतात, एवढंच. त्यातही सगळीकडून हात टेकलेले मोल्ड माझ्याकडे येतात, नवीन कोरं काम दुसऱ्याला. रविवारी रात्री फोन येतो. पेमेंटचं तर विचारूच नका, २००६ चा एमएसएमई कायदा ४५ दिवसांच्या वर जाऊ नका म्हणतो, माझं उद्यमचं, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचं, सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेम करून लावलंय, आणि पैसे कधी येतात तर त्यांच्या अकाउंट्समधल्या मॅडमची रजा संपली की.

रिपेअरिंग बंद केलं का, हेही विचारतात. नाही केलं. मी बाहेर असलो की गाळा आमचा पोरगा बघतो, पोरगा म्हणजे माझ्याकडे हेल्पर म्हणून आलेला, आता बेंच पूर्ण सांभाळतो. मागच्या आठवड्यात वाळूजहून एकांचा फोन आला, हॉट रनरचा मोल्ड आहे, येता का? म्हटलं येतो की. तर म्हणाले, "तुम्ही नको, मागच्या वेळी आले होते ना, ते बारीक चष्मेवाले, त्यांना पाठवा." पाठवला. बिल मात्र अजून माझ्याच नावाने जातं, त्याचं काय करायचं ते सीएला विचारायचंय.