पाठीवरचे तीन किलो

सोमवार, रात्री साडेदहा.

आज सुट्टी. सकाळपासून पावसाने धरलंय. लॅपटॉपचं काय ते आज ठरवायचंच म्हणून बसले होते, आणि शेवटी निकाल लागला तो गुळावर.

जुन्या लॅपटॉपने गेल्या आठवड्यात मान टाकली. इथे कोल्हापुरात, राजारामपुरीत दुरुस्तीला नेला. पोराने मागचं झाकण काढलं, तर पंख्यापुढच्या जाळीत करड्या रंगाचा जाड थर बसलेला, घोंगडीचा तुकडा असावा तसा. त्याच्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चुंबक होतं. टोक जवळ नेताच त्यातली धूळ केसांसारखी उभी राहिली आणि टोकाला जाऊन चिकटली. लोखंड! सहा वर्षं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांतून, माझ्याबरोबर फिरून त्या पंख्याने ओढून घेतलेलं. मला फार वाईट वाटलं. मी त्याच्यावर एवढी विसंबलेली, आणि एकदाही उघडून साफ करून घेतला नाही.

आता नवा. दुकानात दोन बघून आले. एक १.२ किलोचा, टाइप-सी चार्जर तळहातात मावतो. दुसरा २.४ किलोचा, वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा, आणि त्याचा चार्जर म्हणजे पाऊण किलोची वीटच. किमतीत फार फरक नाही. बिनपंख्याचा मॅकबुक एअर बघून क्षणभर मोह झाला, पण माझं डिझाइनचं सॉफ्टवेअर, सॉलिडवर्क्स, विंडोजवर चालतं, म्हणून तो विषय तिथेच संपला.

दमदार लॅपटॉपची ओढ मला आहे, ती मी लपवणार नाही. कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागाचं, सिम्युलेशन मला स्वतः करायचंय. साच्यात वितळलेल्या लोखंडाचा रस ओतल्यावर पातळ भाग आधी गोठतो, जाड भाग शेवटी. त्या शेवटच्या जागेला मागून रस मिळाला नाही की आत पोकळी राहते, आणि ती कळते कधी, तर मशीनिंगला लावल्यावर. सगळा खर्च होऊन गेल्यावर! हे आधी पडद्यावर दिसावं यासाठी प्रोसेसरचे जास्त कोअर लागतात, भरपूर रॅम लागते. आजवर हे काम मी बाहेरून करून घेते आणि दरवेळी चार दिवस वाट बघते.

पण जरा खोलात गेल्यावर काही गोष्टी कळल्या. ग्राफिक्स कार्डाचं बघा, आरटीएक्स ४०५० या एकाच नावाखाली लॅपटॉपमध्ये ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंतची कार्डं मिळतात. नुसतं नाव वाचून उपयोग नाही, वॉट विचारायला हवेत. शिवाय चार्जर काढला की असल्या मशीनचा जोर बराच उतरतो, म्हणजे वीट बरोबर हवीच. आणि माझं रोजचं मॉडेलिंग बहुतेक एकाच कोअरवर चालतं. तिथे दहा कोअर असले तरी मला त्यांचा फारसा फायदा नाही.

दुपारी बॅगेत एक किलोचे गुळाचे तीन रवे भरले, रेनकोट चढवला आणि जिना चारदा चढले-उतरले. मग गाडीवरून उद्यमनगरपर्यंत जाऊन आले. खांदा बोलायला लागला. दोन रवे काढून एकच ठेवला आणि परत तीच फेरी. पाठीवर काही आहे हे विसरायला झालं.

वजन हे एक कारण. दुसरं जास्त मोठं आहे. मागच्या महिन्यात शिरोलीत साच्यांच्या रांगेत उभी राहून मोल्डिंगच्या काकांना मॉडेल फिरवून दाखवत होते. त्यांनी काळ्या मातीचं बोट पडद्यावर ठेवलं, "ताई, हितं पोकळ राहणार बघा. हितं रायझर पायजे." रायझर म्हणजे त्या जागेला मागून रस पुरवणारा जादा साठा. चार दिवसांनी सिम्युलेशनचा रिपोर्ट आला, त्यात तीच जागा लाल. त्या बोटाचा ठसा मी दोन दिवस पुसला नाही. जड मशीन घेतलं तर मी ते घरी टेबलावर ठेवणार, मला माझा स्वभाव माहीत आहे. मग त्या काकांपुढे कागद घेऊन उभी राहणार.

२०२१ च्या जुलैचंही आठवलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि माझी सगळी ड्रॉइंग्ज ऑफिसच्या डेस्कटॉपमध्ये अडकली. नदी कधी वाट अडवेल याचा नेम नसलेल्या गावात काम आपल्या हाताशी असलेलं बरं.

तेव्हा हलकाच. पण रॅम ३२ जीबीचीच घेणार, कारण बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. सिम्युलेशनसाठी घरच्या जुन्या डेस्कटॉपला रॅम वाढवायची. रात्री लावून झोपायचं. वेळ लागेल, लागू दे.

जेवताना बाबांना सांगितलं. त्यांनी आयुष्यभर साच्यासाठीचे लाकडी नमुने, पॅटर्न, केले. त्यांची आकुंचनाची पट्टी अजून कपाटात आहे. गोठल्यावर थंड होताना ग्रे आयर्न, म्हणजे ओतीव लोखंड, साधारण एक टक्का आकसतं, म्हणून तिच्यावरचे ३०० मिलिमीटर खरे ३०३ भरतात. ते लॅपटॉपबद्दल काहीच बोलले नाहीत. हात धुताना एवढंच विचारलं, "परवाच्या त्या बॉडीला एक टक्का धरलाईस न्हवं?"

धरला होता. तरी आत्ता मॉडेल परत उघडून बघितलं.