टोकियोतला गुड फ्रायडे आणि मासाआकी सुझुकी

जपानात गुड फ्रायडेची सुट्टी नसते. शिनजुकुहून केइओ न्यू लाइनने हात्सुदाई एकच स्टेशन, पण गाडीत ऑफिसं सुटल्याची गर्दी होती. टोकियो ऑपेरा सिटीच्या सभागृहात शिरले आणि आधी मान वर गेली. छत लाकडाचं, पिरॅमिडसारखं निमुळतं होत गेलेलं. त्या संध्याकाळी मासाआकी सुझुकींची गायक-वादकांची संस्था, बाख कॉलेजियम जपान, इथे 'मॅथ्यू पॅशन' सादर करणार होती: मॅथ्यूच्या शुभवर्तमानातली येशूच्या छळाची आणि मृत्यूची कथा, संगीतातून. जर्मन संगीतकार बाखची ही रचना लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये १७२७ साली पहिल्यांदा झाली. मधलं मध्यंतर धरून तीन तास सहज जातात.

संगीत-संचालक सुझुकी १९५४ साली कोबेत जन्मले, अॅमस्टरडॅमला टोन कूपमन यांच्याकडे हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं तारांचं पेटीवाद्य) शिकले, आणि १९९० मध्ये त्यांनी ही संस्था काढली. १९९५च्या जानेवारीत भूकंपाने कोबे उद्ध्वस्त झालं. त्याच वर्षी, त्याच शहरातल्या शोइन विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये त्यांनी बाखच्या धार्मिक कँटाटांचं (चर्चसाठीच्या गायन-वादनाच्या रचनांचं) ध्वनिमुद्रण सुरू केलं. २०१३ मध्ये ५५ व्या सीडीवर ते काम संपलं. माझ्यासाठी ही जिद्दच मोठी आहे. लाइपझिग शहराने त्यांना २०१२ चं बाख पदक दिलं ते उगाच नाही.

समीक्षक सुझुकींबद्दल एक गोष्ट हमखास लिहितात: गाणं स्वच्छ, नितळ. खरं आहे, पण एवढ्यावर थांबणं मला अपुरं वाटतं. त्या संध्याकाळी मला पकडून ठेवलं ते त्यांच्या गायकांच्या उच्चारांनी. रोमन सुभेदार पिलात विचारतो, येशू आणि कैदी बरब्बा यांतल्या कोणाला सोडू? जमाव ओरडतो, "बरब्बाला!" बाखने इथे एकच कर्कश स्वरपुंज लिहिलाय. दोन्ही गायकवृंदांनी त्यातला 'ब' असा फोडला की माझ्या शेजारच्या आजी दचकल्या. सुझुकींचा हात मात्र फार हलला नाही, नुसती बोटं मिटली. आणि पुढे येशूच्या मृत्यूनंतर "खरोखर हा देवाचा पुत्र होता" ही जेमतेम दोन मापांची (आवर्तनांची म्हणा) ओळ! तिथे त्यांनी घाई केली नाही, ताणलंही नाही; आवाज फुगत गेला आणि तसाच ओसरला.

ही रचना आपल्याकडच्या कीर्तनासारखी ऐकावी. इव्हँजेलिस्ट, म्हणजे कथा सांगणारा गायक, आख्यान लावतो, मध्येच थांबून एकेक गायक निरूपण करतो, आणि कोराल, म्हणजे चर्चमधलं सामूहिक भजन, आला की सगळी मंडळी एक होतात. येशूच्या तोंडच्या शब्दांभोवती तंतुवाद्यांचे लांब स्वर सतत असतात. "एली, एली, लमा सबख्थनी" (माझ्या देवा, तू मला का सोडलंस?) या हाकेला ते नसतात. बाखने इथे तारा गप्प केल्यात. आतड्याच्या तारांचा तो मऊ, जरासा खरखरीत नाद एकदम नाहीसा झाला, तेव्हा क्रूसावरच्या माणसाचं एकटेपण अंगावर आलं. मला जर्मन येत नाही, तरी अर्थ पोहोचला. प्रेक्षकांपैकी बऱ्याच जणांच्या हातात जपानी अनुवादाची पुस्तिका होती. सगळ्यांची पानं एकदमच उलटत, तेवढीच काय ती सळसळ.

एक तक्रार नोंदवते. येशूला ओळखत नाही म्हणणाऱ्या शिष्याच्या, पीटरच्या, पश्चात्तापाची 'एर्बार्मे डिख' (दया कर) ही आरिया, म्हणजे एकल गीत, मला थोडी संथ हवी होती. व्हायोलिन रडत असताना सुझुकी नाचाची लय सोडत नाहीत. तत्त्व म्हणून ते मला पटतं, मनाला पटलं नाही.

ज्यांना तिथवर जाणं जमणार नाही त्यांनी ध्वनिमुद्रण ऐकावं. सुझुकींची या रचनेची दोन आहेत, १९९९ चं आणि २०१९ चं. बहुतेकांची पसंती दुसऱ्याला आहे, त्याला ग्रामोफोन मासिकाचा पुरस्कारही मिळाला. बेंजामिन ब्रून्स यांचा इव्हँजेलिस्ट त्यात जिवंत माणूस वाटतो. मीही तेच सुचवेन. पण अनुवाद समोर ठेवून, आणि पहिला भाग एका बैठकीत.