पहिला धडा कधी सुरू होणार, सर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पहिला धडा जुलैच्या पहिल्या आठवड्यात. शाळा पंधरा-सोळा जूनला भरते. तिथून पुढचे पंधरा दिवस सहावीच्या इंग्रजीच्या तासाला पुस्तक दप्तरातच राहतं. एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत हे उत्तर मी इतक्यांदा दिलंय, की पुढचा प्रश्न आता पाठ झालाय. "मग पंधरा दिवस पोरं काय करायलेत?" विचारतात पोरांबद्दल, रोख माझ्यावर असतो. मास्तरचा पगार किती, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते आठवी, बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात. मी सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवतो, सहावीचं मराठीही माझ्याकडेच आहे. २००८ ला शिक्षणसेवक म्हणून लागलो तेव्हा अंगात भलता उत्साह होता. पहिल्या दिवशी आंब्याच्या पानांचं तोरण, फुगे, गोड शिरा आणि नवी पुस्तकं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तारीख टाकून धडा पहिला. फेब्रुवारीत अभ्यासक्रम पूर्ण, तशी नोंदही केलेली. मी खूश, मुख्याध्यापक खूश.

त्याच वर्षीची गोष्ट. एक पोरगा इंग्रजीचा धडा घडाघडा वाचायचा. कुणी पाहुणे आले की मी त्यालाच उभं करायचो. एकदा सहज त्याच्या बाकावर शेजारी बसलो आणि म्हटलं, वाच. ओळीखाली बोट ठेवून त्यानं सुरुवात केली. आवाज खणखणीत, कुठे अडखळणं नाही. शेवटचं वाक्य म्हणून तो थांबला, तेव्हा त्याचं बोट अजून वरून तिसऱ्या ओळीत होतं. खाली चार ओळी शिल्लक. त्यानं बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पटकन बोट पानाच्या तळाला नेऊन ठेवलं. मी काही बोललो नाही. बोलणार काय? वर्षभर मीच धडा म्हणत होतो आणि पोरं माझ्या मागून म्हणत होती. त्यानं माझा आवाज पाठ केला होता.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली २००० साली. आम्ही पाचवीला एबीसीडी गिरवली होती. आजच्या सहावीतल्या पोराच्या मागे कागदोपत्री इंग्रजीची पाच वर्षं असतात. प्रगतिपुस्तकात ब-१ असतं, कुणाला अ-२ सुद्धा. आणि 'बी' कुठला, 'डी' कुठला, इथे पोरगं थबकतं. मागच्या शिक्षकांना दोष देऊन उपयोग नाही. एका खोलीत दोन वर्ग बसवलेले असले की एकेका पोराला वाचायला लावायला वेळ कुठून आणायचा? सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, त्या सुरात दहा जण नुसते ओठ हलवतात, आणि ते दहा जण कधी सापडत नाहीत.

बरं, आपण शिकवतो तरी कसं? सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. हे तालावर छान बसतं. पण मराठी वाचायला शिकलेल्या पोराच्या बाजूनं बघा. त्याच्या लिपीत 'क' म्हटलं की क ऐकू येतो. इथे 'एच'मध्ये ह नाही, 'डब्ल्यू'मध्ये व नाही, 'जी'मध्ये ग नाही. अक्षराचं नाव एक, आवाज दुसरा, आणि ही भानगड त्याला कुणी उलगडून सांगितलेलीच नसते. तो आपला शब्दाचं चित्र लक्षात ठेवतो. दुसरी-तिसरीपर्यंत धकतं. सहावीत एका धड्यात दोनशे शब्द आले की चित्रं संपतात आणि पाठांतर सुरू होतं.

मग पोरांनी आपली सोय काढलेली असते. जुनी पुस्तकं उघडून बघा, इंग्रजी ओळींच्या डोक्यावर पेन्सिलीनं बारीक देवनागरी. 'वन्स देअर वॉज अ', असं पानच्या पान. गाईडातही उच्चार छापलेले मिळतात. पूर्वी दिसलं की मी खोडरबर घेऊन बसायचो. आता खोडत नाही. पोरानं ऐकलेला आवाज स्वतःच्या लिपीत नोंदवला, ही काही वाईट गोष्ट नाही. अडचण एवढीच, की वर देवनागरी असली की डोळा खालच्या इंग्रजीवर उतरतच नाही. म्हणून माझा नियम, लिहायचं तर लिही, पण पानाच्या मागे. मधली दोन वर्षं पुस्तकात धड्यांनंतर वहीची कोरी पानं जोडून यायची. त्यावर बरीच टीका झाली आणि २०२५ ला ती गेली. माझ्या पोरांना मात्र ती या कामाला फार उपयोगी पडली होती.

तर पंधरा दिवस मी काय करतो? व्हरांड्यात खुर्ची टाकतो, शेजारी एक स्टूल. एका वेळी एक पोरगं, दहा-बारा मिनिटं. दिवसाला चार होतात, फार तर पाच. बाकीचा वर्ग तोवर पेटीतली गोष्टीची पुस्तकं जोडीजोडीनं वाचतो, म्हणजे निदान वाचायला बसतो. गोंगाट होतो, होऊ देतो. माझ्याकडे चार चिठ्ठ्या आणि एक शंभर पानी वही.

पहिली चिठ्ठी मराठीची. वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी, पावसाची नाहीतर कांद्याच्या भावाची. इंग्रजीचा मास्तर मराठी कशाला वाचून घेतोय, म्हणून पोरं आधी गोंधळतात. पण खरी गोम तिथेच कळते. गेल्या वर्षी एका पोरीनं 'कार्यक्रम' हा शब्द 'काय्रकम' असा वाचला. रफार आहे हे तिला दिसत होतं, तो कोणत्या अक्षराआधी उच्चारायचा हे कळत नव्हतं. सहावीत. मागच्या पाच वर्षांत तिला तिथे कुणी थांबवलं नव्हतं, कारण अंदाजानं अर्थ लागत होता.

दुसऱ्या चिठ्ठीवर सुटी इंग्रजी अक्षरं, नाव नको, आवाज सांग. तिसरीवर शब्द, पण अर्थ नसलेले. बिप, लुब, मेफ. असे शब्द कुठल्याच पुस्तकात नाहीत, म्हणजे पाठांतराचा आधार काढून घेतलेला. अक्षरं जोडता येत असतील तर वाचता येईल, नाहीतर नाही. यंदा एकानं 'बिप'कडे बराच वेळ टक लावून पाहिलं आणि ठामपणे सांगितलं, "बीजेपी!" निवडणुकीच्या दिवसांत भिंतीवर जे पाहिलं ते कामाला आलं. हसू दाबून मी वहीत लिहिलं: पहिलं आणि शेवटचं अक्षर बघतो, मधलं ठोकून देतो. चौथी चिठ्ठी पाच ओळींची इंग्रजी गोष्ट. तिथपर्यंत निम्मी पोरं पोचत नाहीत.

गेल्या वर्षी सहावीत ३१ पोरं होती. दोन्ही भाषा बऱ्यापैकी वाचणारी ९. मराठी सरसर, इंग्रजीत गाडी रुतलेली, अशी १२. आणि मराठीतच अडखळणारी १०. प्रगतिपुस्तकावरून हे तीन गट मला कधी दिसले नसते. मधले बारा सोपे असतात. त्यांना वाचन म्हणजे काय ते ठाऊक आहे, फक्त अक्षरांचे आवाज पक्के करून द्यायचे. दसऱ्यापर्यंत ती पोरं मार्गी लागतात, त्याचं श्रेय मला घेववत नाही. खरं काम त्या दहांचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यांच्याशी इंग्रजी बोलायची, ऐकवायची, गाणी म्हणायची, पण वाचन आधी मराठीचं, रोज वीस मिनिटं, माझ्या शेजारी बसून. "इंग्रजीच्या तासाला मराठी?" हा तक्रारीचा सूर पालकांचा असतो, तसा सहकाऱ्यांचाही असतो. असू दे.

गटांना मी नद्यांची नावं देतो. सिंदफणा, मांजरा, कुंडलिका. 'ढ' हा शब्द वर्गात बंद. पण पोरं दूधखुळी नसतात, कोणत्या नदीला पाणी कमी आहे ते त्यांना दुसऱ्याच दिवशी कळतं.

याच दिवसांत एक मोकळा उद्योग चालतो. घरात जिथे इंग्रजी दिसेल ते आणायचं. बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन, शाम्पूची पुडी, सरकीच्या बियाण्याची पिशवी, खताच्या गोणीचा तुकडा. वर्गाची मागची भिंत आठवड्यात भरते आणि तिला थोडा युरियाचा वासही येतो. सोबत फळ्यावर यादी: तुम्ही रोज बोलता ते इंग्रजी शब्द सांगा. टायर, जॅक, पंक्चर, रिचार्ज, चार्जर, बॅलन्स, स्टार्टर, व्हॉल्व्ह. एका तासात साठ-सत्तर शब्द सहज निघतात, त्यातले निम्मे मोटारपंप आणि ट्रॅक्टरच्या कृपेनं. मग ते इंग्रजी अक्षरांत लिहायचे. आवाज आधीच तोंडात असल्यामुळे स्पेलिंगचं भय अर्ध्यावर येतं. एका पोरीनं आजीच्या गुडघ्याच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट आणलं होतं. त्यावर ई-एक्स-पी आणि पुढे तारीख. याचा अर्थ काय, म्हणून तिनं विचारलं. मी सांगितला. तिनं तारीख पुन्हा वाचली, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "सर, ह्या तर गेल्या दिवाळीलाच संपल्यात. आजी परवापर्यंत खायली होती." मधल्या सुटीत ती घरी पळाली. घरी अजून एक भरलेलं पाकीट होतं म्हणे.

पायाभूत चाचणी घेतात तेवढी पुरत नाही का, असंही विचारतात. ही सरकारी चाचणी आमच्या वर्गांनाही असते, मराठी, गणित आणि इंग्रजीची. छापील प्रश्नपत्रिका येतात, गुण ऑनलाइन भरायचे. चाचणी वाईट नाही. पण ती होते जुलै-ऑगस्टात, आणि तिच्यातून मला कळतं की अमक्याला अकरा गुण. अकरा का, ते त्या 'काय्रकम'वालीजवळ बसल्याशिवाय कळत नाही. आणि ऑगस्ट आमच्याकडे उशिराचा महिना आहे.

कारण आमचं वर्ष जून ते एप्रिल नसतं. दसरा झाला की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या गाड्या यायला लागतात. ज्यांनी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलीय त्या नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि बरोबर पोरंही. काही मागे राहतात, आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर. बाकीची कारखान्याच्या शेजारी कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळत. गेल्या वर्षीच्या ३१ मधली ११ दिवाळीनंतर वर्गात नव्हती. ती परततात एप्रिलच्या आसपास, परीक्षेला बसतात, आणि जूनमध्ये पुढच्या वर्गात. म्हणजे पूर्ण पट माझ्यासमोर असतो तो जून ते दिवाळी. साडेचार महिने. त्यातले पंधरा दिवस मी चिठ्ठ्या वाचून घेण्यात घालवतो, हे ऐकून लोकांना मी उधळपट्टी करतोय असं वाटतं. मलाही हे सुरू केलं त्या वर्षी तसंच वाटत होतं, रात्री झोप लागायची नाही. पण शेजारी बसून ऐकल्यामुळे कुणाला काय द्यायचं ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. नाहीतर त्या अकरा जणांना मी चार धडे पाठ करून देणार, आणि कोपीत पोचेपर्यंत ते विसरलेलेही असणार.

स्थलांतर करणाऱ्या पोरांना शाळा शिक्षण हमी पत्रक देते, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं. त्याला मी माझ्या वहीतलं त्या पोराचं पान उतरवून टाचून देतो. साधं मराठीत: रफार चुकतो, 'बी-डी' उलटसुलट, तीन अक्षरी शब्द जमतात, गोष्ट वाचायला आवडते, मोठ्यानं वाचायला लाजते. तिकडच्या गुरुजींना पुन्हा शून्यातून शोधायला नको. पालक ते पान घडी घालून रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात.

गेल्या वर्षी अकरा पानं गेली. एप्रिलमध्ये एक परत आलं, त्या 'काय्रकम'वालीचं. कडा हळदीनं पिवळ्या झालेल्या, आणि माझ्या ओळींखाली निळ्या शाईत दुसऱ्या कुणाचं तरी अक्षर: "रफार आता बरोबर. 'बी-डी' अजून." सही नव्हती. बाकी दहांना विचारलं तर एकमेकांकडे बघून हसायला लागले. एकानं अखेर कबूल केलं, त्यानं आपल्या पानाचं विमान केलं होतं. कोपीवरून गेलं, म्हणाला, पार ऊस मोजायच्या काट्यापर्यंत.